शालेय विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षा : पहिला अभ्यासक्रम निवडताना

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत सुट्टीतील संगणक वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. एकेकाळी या जाहिरातींत टॅली, डीटीपी आणि वेब डिझायनिंगचे प्राबल्य असे. आता त्यांच्या जोडीने 'एथिकल हॅकिंग' आणि 'सायबर सिक्युरिटी' हे शब्द ठळक अक्षरांत दिसतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेपासून वर्षभराच्या पदविकेपर्यंत आणि विनामूल्य अभ्यासक्रमापासून हजारो रुपयांच्या शुल्कापर्यंत सर्व प्रकार त्यांत आढळतात. विद्यार्थ्याला विषयाचे आकर्षण असते, पालकांना नोकरीची आशा असते. परंतु प्रत्यक्षात काय शिकवले जाणार, याची पुरेशी कल्पना बहुधा दोघांनाही नसते. निवड चुकल्यास शुल्क आणि सुट्टी वाया जाते. याहून गंभीर धोका वेगळाच आहे. कायद्याची जाणीव न देता केवळ हल्ल्याची साधने हाती देणारा वर्ग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतो. त्यामुळे आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पहिला अभ्यासक्रम निवडताना काही गोष्टी तपासून घेणे अगत्याचे ठरते.

विषयाची व्याप्ती

सायबर सुरक्षेचा विचार तीन तत्त्वांभोवती फिरतो : गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. माहिती अनधिकृत व्यक्तीच्या हाती न पडणे म्हणजे गोपनीयता. माहितीत कोणी परस्पर फेरफार न करणे म्हणजे अचूकता आणि गरजेच्या वेळी यंत्रणा चालू असणे म्हणजे उपलब्धता. ही तत्त्वे पुस्तकी नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेलाच बगल देण्यात आली. बनावट कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतील एटीएममधून आणि आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाद्वारे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवण्यात आले. येथे घाला पडला तो व्यवहारांच्या अचूकतेवर. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या घातक प्रणालीने जगभर थैमान घातले, तेव्हा नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. तेथे प्रश्न उपलब्धतेचा होता. चांगला प्राथमिक अभ्यासक्रम अशा घटनांकडे याच तीन तत्त्वांच्या चौकटीतून पाहायला शिकवतो.

जाहिरातींत सरमिसळ होणाऱ्या तीन संज्ञा वेगळ्या करून पाहणे उपयुक्त ठरते. 'सायबर सेफ्टी' म्हणजे संगणक, मोबाइल आणि समाजमाध्यमांचा सुरक्षित वापर. तो प्रत्येक विद्यार्थ्याला यायला हवा आणि त्यासाठी मोठे शुल्क मोजण्याचे कारण नाही. 'सायबर सिक्युरिटी' हे यंत्रणांचे संरक्षण करण्याचे तांत्रिक शास्त्र. 'एथिकल हॅकिंग' ही त्या शास्त्राची एक शाखा असून, मालकाच्या परवानगीने यंत्रणेतील उणिवा शोधणे एवढीच तिची मर्यादा आहे. संरक्षणाचे शास्त्र न शिकता थेट हॅकिंगकडे वळणे म्हणजे बाराखडी टाळून निबंध लिहायला बसण्यासारखे आहे. नावात 'सायबर' हा शब्द असलेल्या अनेक शालेय परीक्षांचा अभ्यासक्रम तर सर्वसाधारण संगणकज्ञानाचाच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

पूर्वतयारी किती हवी?

आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग आलेच पाहिजे, असे नाही. फाइल आणि फोल्डर यांची रचना समजणे, इंटरनेटवर पृष्ठ कसे उघडते याचे कुतूहल असणे आणि साधे इंग्रजी वाचता येणे एवढे पुरेसे आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा २००१ पासून चालू असलेला एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलांना संगणकाच्या वापराचा सराव असतो. मात्र नेटवर्क आणि प्रोग्रॅमिंगचा पाया त्यांना वेगळा घालावा लागतो.

अकरावी-बारावीत शाळेतील अभ्यासाचा आधार मिळतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या संगणकशास्त्र विषयात पायथन ही भाषा, संगणक नेटवर्क तसेच समाज, कायदा व नीती हे घटक समाविष्ट आहेत. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात सायबर कायद्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, तर बारावीच्या संगणकशास्त्रात नेटवर्कची ओळख करून दिली जाते. खासगी वर्गाची माहितीपुस्तिका या पाठ्यपुस्तकांशेजारी ठेवून पाहावी. दोहोंतील मजकूर सारखाच असेल, तर वेगळे शुल्क कशासाठी, हा प्रश्न विचारायला हवा.

अभ्यासक्रमाचा कस कसा पाहावा?

प्राथमिक अभ्यासक्रमात किमान सहा घटक असावेत : संगणकाची कार्यप्रणाली आणि लिनक्सच्या मूलभूत आज्ञा, नेटवर्क आणि इंटरनेटची रचना, पासवर्ड व ओळख पडताळणी, कूटलेखनाची तोंडओळख, फसवणुकीचे मानसशास्त्र, कायदा आणि नीती. यापैकी शेवटचे दोन घटक वगळलेले असल्यास अभ्यासक्रम अपुरा समजावा.

घटकांची यादी कोणालाही छापता येते. कस लागतो तो शिकवण्याच्या खोलीत. उदाहरणार्थ, पासवर्डचा धडा घेता येईल. सुमार वर्गात 'पासवर्ड मोठा ठेवा, कोणाला सांगू नका' एवढे सांगून विषय संपवला जातो. चांगल्या वर्गात विद्यार्थ्याकडून गणित करून घेतले जाते. इंग्रजीतील २६ लहान अक्षरांपैकी कोणतीही आठ अक्षरे घेऊन होणाऱ्या पासवर्डच्या शक्यता सुमारे २० हजार ८८२ कोटी. आकडा प्रचंड वाटतो. पण सेकंदाला १०० कोटी शक्यता तपासणाऱ्या यंत्राला त्यासाठी साडेतीन मिनिटेही पुरतात. पासवर्ड बारा अक्षरांचा केला की शक्यता ४ लाख ५६ हजार ९७६ पटींनी वाढतात आणि त्याच यंत्राला सुमारे तीन वर्षे लागतात. अर्थात, हे गणित अक्षरे यदृच्छेने निवडली तरच लागू होते. स्वतःचे नाव आणि जन्मवर्ष जोडून केलेला पासवर्ड कितीही लांब असला तरी तो शब्दांच्या याद्या वापरणाऱ्या प्रणालीला लवकर सापडतो. संकेतस्थळे मूळ पासवर्डऐवजी त्याचे गणिती रूपांतर, म्हणजे 'हॅश', का साठवतात आणि त्यात 'सॉल्ट' का मिसळतात, येथपर्यंत हा धडा गेला तर तो खरा तांत्रिक धडा होय.

फसव्या दुव्यांचेही तसेच. 'अनोळखी लिंक उघडू नका' हा उपदेश सर्वांना पाठ असतो. संकेतस्थळाचा पत्ता कसा वाचायचा, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधीचा भाग खरा मालक दाखवतो. त्यामुळे सुरुवातीला एखाद्या बँकेचे नाव असले आणि त्या रेघेआधी भलतेच नाव असले, तर ते पृष्ठ बँकेचे नसते. हे एकदा उमगले की विद्यार्थी घरातील आजी-आजोबांनाही समजावू शकतो. पोलीस वा तपास अधिकारी असल्याचे भासवून दूरध्वनीवरून ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणाऱ्या तथाकथित 'डिजिटल अरेस्ट'चा इशारा पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या नभोवाणी भाषणातून दिला होता. अशा प्रसंगी घाबरवून घाई करायला लावणे, हेच भामट्याचे मुख्य हत्यार असते. तेव्हा फसवणुकीचे मानसशास्त्र हा या विषयातील दुय्यम घटक मानता येत नाही.

सराव कोठे करायचा?

पोहणे जसे वहीवर शिकता येत नाही, तसाच हा विषय केवळ स्लाइड पाहून येत नाही. प्रत्येक तासातील निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष सरावाचा हवा. हा सराव कोठे होतो, हा निवडीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. जबाबदार संस्था त्यासाठी बंदिस्त प्रयोगशाळा उभारते. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत प्रणालीने एकाच संगणकात दुसरा आभासी संगणक तयार करता येतो. तो बिघडला तरी मूळ संगणकाला धक्का लागत नाही. यासाठी आठ जीबी स्मृती असलेला संगणक असल्यास काम सुकर होते. घरी तेवढा सक्षम संगणक नसेल, तर ब्राउझरमधून चालणाऱ्या प्रयोगशाळांचा पर्याय आहे.

'काली लिनक्स' या प्रणालीचा अनेक वर्गांत मोठा गाजावाजा होतो. ही प्रणाली व्यावसायिक सुरक्षा परीक्षकांसाठी बनवलेली असून, लिनक्सशी अपरिचित व्यक्तींनी ती वापरू नये, असे तिचे निर्मातेच सांगतात. पहिल्याच दिवशी 'काली' आणि दुसऱ्या दिवशी वाय-फाय तोडणे असा क्रम असलेला वर्ग नवशिक्यासाठी नाही. चोरीच्या वा 'क्रॅक' केलेल्या प्रणाली वापरायला देणारा वर्ग तर कटाक्षाने टाळावा. अशा प्रणालींतूनच घातक प्रोग्रॅम संगणकात शिरतात आणि सुरक्षेचा पहिला धडाच उलटा गिरवला जातो.

कायद्याची चौकट

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून देशात लागू आहे. त्यात २००८ मध्ये व्यापक दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली. मालकाच्या परवानगीविना संगणकात वा नेटवर्कमध्ये प्रवेश करणे, माहिती उतरवून घेणे, व्हायरस सोडणे या कृतींचा उल्लेख कलम ४३ मध्ये आहे. त्याच कृती अप्रामाणिक वा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे हा कलम ६६-सी खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सरकारने 'संरक्षित' म्हणून घोषित केलेल्या यंत्रणेत शिरण्याचा प्रयत्न केल्यास कलम ७० नुसार दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालतात. तरीही चौकशी, संगणक-मोबाइल जप्त होणे आणि कुटुंबाला होणारा मनस्ताप टळत नाही.

विद्यार्थ्याला ही सीमा रोजच्या जीवनातील उदाहरणांतून कळायला हवी. घरचा राउटर पालकांच्या संमतीने तपासणे योग्य. शेजाऱ्याचे वाय-फाय 'फक्त पाहण्यासाठी' उघडणे अयोग्य. स्वतःच्या आभासी संगणकावर पासवर्ड फोडण्याचा प्रयोग योग्य. शाळेच्या निकालाच्या संकेतस्थळावर तोच प्रयोग अयोग्य, मग गुणांना हात लावलेला नसला तरी. मित्राच्या इन्स्टाग्राम खात्यात गंमत म्हणून शिरणे हीदेखील गंमत ठरत नाही. हेतू निरुपद्रवी असला तरी परिणाम हाताबाहेर जाऊ शकतात, याचा जुना दाखला अमेरिकेतील आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने तेव्हाच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले. पुढे त्याला तेथील संगणक-गैरवापर कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले.

विद्यार्थ्याला एखाद्या संकेतस्थळात उणीव आढळलीच, तर काय करायचे, हेही अभ्यासक्रमात असावे. आणखी खोलात न शिरता थांबणे, पालक वा शिक्षकांना सांगणे आणि संबंधित संस्थेला किंवा २००४ पासून कार्यरत असलेल्या 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेला कळवणे हा योग्य मार्ग होय.

शिक्षक, प्रमाणपत्र आणि शुल्क

शिकवणाऱ्या व्यक्तीने या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केले आहे का आणि लहान वयाच्या मुलांना शिकवण्याचा तिला अनुभव आहे का, हे दोन्ही पाहावे. एक तास वर्गात बसून पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारणाऱ्या संस्थेबाबत सावध राहावे.

प्रमाणपत्राविषयी मोठे गैरसमज आहेत. 'आयएसओ प्रमाणित' हा शिक्का संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीविषयी असतो. लघुउद्योग म्हणून झालेली नोंदणी ही व्यवसायाची नोंद असते. यांपैकी कशानेही अभ्यासक्रमाला शैक्षणिक मान्यता मिळत नाही. 'सरकारमान्य' असा दावा असल्यास कोणत्या मंडळाने, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या मुदतीसाठी मान्यता दिली, हे लेखी मागावे. आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रांची घाईही नको. 'कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस' या परीक्षेसाठी संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी शिफारस ती घेणारी संस्थाच करते. 'सर्टिफाइड एथिकल हॅकर' परीक्षेला अठरा वर्षांखालील उमेदवारांसाठी पालकांच्या लेखी संमतीसारख्या जादा अटी आहेत. नववीतील मुलाला अशा परीक्षेची हमी देणारी जाहिरात त्यामुळेच संशयास्पद ठरते. 'शंभर टक्के नोकरी' हे आश्वासन शालेय विद्यार्थ्याच्या बाबतीत निरर्थक आहे.

शुल्क एकरकमी भरण्याऐवजी हप्त्यांत भरता येते का, वर्ग मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल आणि परीक्षेचे शुल्क त्यात धरले आहे का, या बाबी पावतीवर लिहून घ्याव्यात. तक्रारीची वेळ आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ऑनलाइन वर्गासाठी मुलाची कोणती माहिती घेतली जाते, हेही विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

विनामूल्य पर्याय

शुल्क भरण्यापूर्वी मुलाची आवड पारखून घ्यावी. त्यासाठी पुढील मार्ग विनामूल्य आहेत.

इस्या : केंद्र सरकारच्या माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती प्रकल्पाचे हे संक्षिप्त नाव. सुरक्षित वापराविषयीचे साहित्य विविध भारतीय भाषांतून मिळते. सातवी-आठवीपासून उपयुक्त.

सिस्को नेटवर्किंग अकादमी : 'इंट्रोडक्शन टू सायबर सिक्युरिटी' हा काही तासांचा, स्वतःच्या गतीने पूर्ण करायचा अभ्यासक्रम. याच अकादमीच्या 'पॅकेट ट्रेसर' या प्रणालीत संगणकांचे जाळे पडद्यावर जोडून पाहता येते. नेटवर्क समजण्यासाठी यासारखे साधन विरळा.

ओव्हरदवायर बँडिट : लिनक्सच्या आज्ञा शिकवणारा खेळ. प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड दडवलेला असतो. तो शोधताना फाइल वाचणे, शोधणे, परवानग्या तपासणे ही कौशल्ये आपोआप अंगवळणी पडतात. साधा संगणकही पुरतो.

पिकोसीटीएफ : अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली स्पर्धा. कूटलेखन, संकेतस्थळे, न्यायवैद्यक तपास अशा विभागांतील कोडी वर्षभर सरावासाठी खुली असतात आणि तेरा वर्षांवरील कोणत्याही देशातील विद्यार्थी ती सोडवू शकतो. कोडी इंग्रजीत असल्याने सुरुवातीला मोठ्यांची सोबत उपयोगी पडते.

स्वयम आणि एनपीटीईएल : आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात, शुल्क लागते ते परीक्षेपुरते. मात्र ही पातळी महाविद्यालयीन आहे. बारावीनंतर त्याकडे वळणे बरे.

इयत्तेनुसार क्रम

आठवीत सुरक्षित वापर आणि संगणकाची ओळख, नववीच्या सुट्टीत सिस्कोचा प्राथमिक अभ्यासक्रम आणि 'बँडिट'च्या पहिल्या दहा पायऱ्या, असा क्रम बहुतेकांना झेपतो. दहावीचे वर्ष शालेय अभ्यासाला द्यावे. दहावीनंतरच्या मोठ्या सुट्टीत पायथन आणि नेटवर्क शिकावे. सशुल्क वर्ग लावायचाच असेल, तर तो याच सुट्टीत लावावा. तोवर विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याइतकी जाण आलेली असते. अकरावीत 'पिकोसीटीएफ'चा सराव ठेवता येतो. वर्गाचा लाभ मुलींनाही तितकाच मिळावा, याकडे पालकांनी लक्ष द्यावे. ऑनलाइन छळवणुकीचा त्रास मुलींना अधिक होत असताना तिला मोबाइलपासून दूर ठेवणे हा उपाय पुरेसा नाही.

बारावीनंतर संगणक अभियांत्रिकी, बीएस्सी आयटी, बीसीए असे सर्वज्ञात मार्ग आहेत. न्यायवैद्यक शास्त्राची ओढ असणाऱ्यांसाठी शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्थांचा, तसेच राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा पर्याय असून, विद्यापीठाचे एक संकुल गोव्यात आहे. पदवीच्या प्रवेशासाठी गणिताचे महत्त्व मोठे आहे. हॅकिंगच्या वर्गापायी गणित मागे पडू देणे दीर्घकाळात महागात पडते.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. अभ्यासक्रमाचा तासवार तपशील लेखी मिळेल काय?
२. प्रत्यक्ष सरावाला किती तास आहेत आणि तो कोणत्या यंत्रणेवर होतो?
३. कायदा आणि नीती यांना किती तास दिले आहेत?
४. वापरल्या जाणाऱ्या सर्व प्रणाली अधिकृत वा मोफत आहेत काय?
५. शिक्षकांचा अनुभव काय आणि एका तुकडीत किती विद्यार्थी असतात?
६. प्रमाणपत्र कोण देते आणि त्याची पडताळणी कोठे करता येते?
७. शुल्क परत मिळण्याच्या अटी कोणत्या?

सातही प्रश्नांची उत्तरे स्पष्ट मिळाली, तर प्रवेश घेण्यास हरकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर शुल्क कितीही कमी असले तरी दुसरा वर्ग शोधावा. आर्थिक फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवणे, हे या विषयाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी देता येईल असे गृहपाठाचे काम आहे.